ट्रॅक्टर हाफतो तेव्हा

कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा सूर बदलतो. एरवी वीज, पाणी, सोसायटीची वसुली. गाळप सुरू झाले की महिन्याभरात चार-पाच जण एकच गाऱ्हाणे घेऊन दारात उभे असतात. "भाऊ, ट्रॅक्टर ओढत नाही. चढाला आला की हाफतो. मिस्त्री म्हणतो, इंजिन बांधायला काढावं लागंल." इंजिन बांधणे म्हणजे लायनर-पिस्टन, रिंगा, बेरिंगा, जमल्यास क्रँक. खर्च लाखाच्या घरात, आणि वर ऐन हंगामातले आठ-पंधरा दिवस ट्रॅक्टर शेडमध्ये. हप्ता मात्र शेडमध्ये थांबत नाही.

शेतकी कॉलेजात आम्ही शिकलो पिकांचे शास्त्र. यंत्रांचे एक-दोन पेपर होते, ते पास होण्यापुरते वाचले. पण पीकशास्त्राने एक गोष्ट अंगात भिनवली. पान पिवळे पडले की लगेच युरिया फेकायचा नाही. पिवळे पान नत्राच्या कमतरतेने पडते, लोहाच्या कमतरतेने पडते, मुळाशी पाणी साचल्यानेही पडते. वरचे पान पिवळे की खालचे, शिरा हिरव्या की पिवळ्या, सगळा वाफा की एक कोपरा, हे बघितल्याशिवाय औषध सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा युरियाचा दुकानदार. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. 'ओढ गेली' हे पिवळे पान आहे. तो रोग नव्हे.

गेल्या हंगामात आमच्या एका कार्यकर्त्याच्या ट्रॅक्टरचे जे झाले ते सांगतो. गाडी पन्नास अश्वशक्तीच्या वर्गातली, चार वर्षे झालेली, मागे दोन ट्रॉल्या. कारखान्याच्या अलीकडे दीड-दोन किलोमीटरचा एक चढ आहे. डिसेंबरपर्यंत गाडी तो चढ बिनतक्रार चढत होती. जानेवारीत ओढ कमी झाली, काळा धूर वाढला, आणि चढ संपवून काट्याच्या रांगेत उभे राहिले की ऑईलचा लाल दिवा मिणमिणू लागला. जरा रेस केली की विझायचा. पाण्याचा काटा मात्र पूर्ण वेळ हिरव्यात. सर्व्हिसवाल्याने गाडी वरवर बघितली, दिवा बघितला आणि निकाल दिला : बेरिंगा गेल्या, इंजिन उघडा.

आमचा हा गडी हट्टी. त्याने इंजिन उघडू दिले नाही, आणि आम्हाला बोलावले. आम्ही काही मिस्त्री नव्हे, पण सोबत एक जुना फिटर घेऊन गेलो. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : "ऑईल किती तापतंय?" कुणालाच माहीत नव्हते. माहीत असायचे कारणही नाही. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, ऑईलच्या दाबाचा काटा किंवा दिवा असतो. ऑईलच्या तापमानाचा काटा नसतो.

इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे. डिझेल जळून जी उष्णता होते तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश क्रँकला ताकद म्हणून मिळते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते, आणि उरलेली पाणी, ऑईल व इंजिनचे अंग घेऊन जाते. पाण्याला थर्मोस्टॅट आहे, रेडिएटर आहे, पंखा आहे. पाण्याचे तापमान एका पट्ट्यात ठेवण्याची सगळी व्यवस्था आहे. ऑईल मात्र पिस्टनच्या बुडाशी, रिंगांपाशी, क्रँकच्या बेरिंगांत, जिथे पाणी पोचत नाही तिथे जाऊन उष्णता उचलते आणि चेंबरमध्ये येऊन पडते. काही इंजिनांना ऑईल कूलर असतो, काहींना चेंबरच्या पत्र्याला लागेल तेवढ्या वाऱ्यावरच भागवावे लागते. म्हणून पाण्याचा काटा हिरव्यात आणि ऑईल मात्र तापून पातळ, असे होऊ शकते. पाण्याचा काटा आणखी एका प्रकारे फसवतो : पाणी इतके कमी झाले की सेन्सर कोरडा पडला, तर काटा वर जाण्याऐवजी खाली येतो. ड्रायव्हर निर्धास्त, आणि हेड तडकते.

भरपूर ओढकामात चेंबरमधले ऑईल शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत जाणे काही जगबुडी नाही. एकशेवीसच्या वर ते सतत राहू लागले की ऑईलचे आयुष्य झपाट्याने संपते. तेल खराब होण्याचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. शिवाय ते पातळ होते, बेरिंगमधली फिल्म विरते, दाब पडतो आणि दिवा मिणमिणतो. दिवा बेरिंग झिजल्यानेही मिणमिणतो आणि ऑईल तापून पातळ झाल्यानेही. दोन्हींची खूण एकच. त्यातले पहिले कारण लाखाचे, दुसरे काही हजारांचे. सर्व्हिसवाल्याला पहिलेच का सुचले, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

फिटरने चेंबरच्या नटाच्या जागी सेन्सर बसवून एक साधा काटा जोडला. त्याच चढावर, त्याच दोन ट्रॉल्या घेऊन गेलो. माथ्यावर काट्याने १२८ दाखवले. पाण्याचा काटा हिरव्यातच.

मग शोध सुरू झाला. तो कुठून सुरू करायचा? आपला माणूस इंजिनपासून सुरू करतो. फिटरने सर्वांत मागच्या चाकापासून सुरू केला. ब्रेक न मारता दोन किलोमीटर चालवून थांबलो आणि प्रत्येक हबपाशी हाताचा मागचा भाग नेऊन बघितला (आता तापमान मोजायच्या पिस्तुली मिळतात, हात भाजून घ्यायचे कारण नाही). सात चाके कोमट, मागच्या ट्रॉलीचे एक डावे चाक चटका देणारे. जॅकवर उचलून फिरवले तर चाक घरघरत होते. बेरिंग ग्रीसविना जळत आले होते. म्हणजे इंजिन अर्धा जोर उसासाठी लावत होते आणि काही जोर या एका चाकासाठी. टायरमध्ये हवाही कमी. हा जोर कुणाच्या खात्यात पडतो? डिझेलच्या आणि ऑईलच्या.

नंतर एअर क्लीनर. उसाच्या फडातली धूळ आणि पाचटाची कुसळे ही साधी धूळ नव्हे. ती जाळीवर थर धरते. फिल्टर काढून झटकला तर पसाभर माती पडली. हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणून काळा धूर. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, आणि सायलेन्सरची व पिस्टनची वाढलेली उष्णता.

मग फिटरने पंपाकडे बोट दाखवले. सील तुटलेले. आमचा गडी जरा खाली बघू लागला. दिवाळीच्या आधी गावातल्या एकाने 'पंप वाढवून' दिला होता. गाडी महिनाभर वाघासारखी पळाली म्हणे. पळेलच. पंप वाढवला म्हणजे प्रत्येक फटक्याला जास्त डिझेल सोडले. जोवर हवा पुरते तोवर ताकद वाढते. हवा संपली की पुढचे प्रत्येक थेंबभर डिझेल ताकद देत नाही, उष्णता आणि काजळी देते. ज्या पिस्टनची, ज्या ऑईलची, ज्या रेडिएटरची मापे कारखान्यात पन्नास अश्वशक्तीसाठी काढली, त्यांच्याकडून आपण साठीची मजुरी उकळतो. गड्याला अतिरिक्त काम लावून भाकरी तेवढीच द्यायची, त्यातला हा प्रकार.

शेवटी ऑईलची पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्याही वर. महिनाभरात ऑईल घातले नव्हते, तरी वाढले कसे? वास घेतला, डिझेलचा. एक नोझल गळत होते. न जळलेले डिझेल लायनरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरत होते. ऑईल वाढल्याचा आनंद मानणारे लोक आम्ही बघितले आहेत. गाडी ऑईल खात नाही, उलट देते! डिझेल मिसळलेले ऑईल आधीच पातळ, त्यात पातळी जास्त म्हणून क्रँक ते घुसळते, फेस आणते, आणखी तापवते. टीपकागदावर या ऑईलचा एक थेंब टाकून ठेवला तर दोन तासांनी मधे काळा ठिपका आणि कडेने फिकट तेलकट कडे दिसले. ही चाचणी फुकटची आहे. प्रयोगशाळेची तोड तिला नाही, पण रोग आहे का नाही तेवढे सांगते.

हबची बेरिंग, फिल्टर, चार नोझलांची तपासणी, पंप बेंचवर मूळ मापाला, नवे ऑईल व ऑईल फिल्टर. चौथ्या दिवशी तोच चढ, तोच भार. काटा १०९ वर थांबला. दिवा मिणमिणला नाही. इंजिन उघडले नाही.

प्रत्येक वेळी शेवट इतका गोड नसतो, हेही सांगितले पाहिजे. चालू इंजिनचे ऑईल भरायचे टोपण काढले आणि भकाभका धूर बाहेर मारू लागला, सायलेन्सरला निळा धूर, ऑईल दर आठवड्याला कमी होते, तर रिंगा-लायनर गेलेल्या आहेत आणि मिस्त्री खरे बोलतो आहे. तिथे हट्ट करू नये. पण हे बघूनच ठरवायचे, आणि आपल्या डोळ्यांदेखत.

धुराची भाषा आणखी थोडी. काळा धूर नाही, तरी ओढ जाते, विशेषतः पाच-दहा मिनिटे भाराखाली चालल्यावर जाते आणि थोडे थांबले की परत येते, तर डिझेलचा रस्ता बघा : फिल्टर, टाकीतली जाळी, आणि टाकीच्या टोपणाचे ते बारीक भोक. भोक मातीने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पंपाला डिझेल मिळत नाही. या भोकापायी पंप बदललेला शेतकरी आम्हाला माहीत आहे. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, जळका वास येतो, तर क्लच. गार असताना ठीक, तापल्यावर ओढ जाते आणि गरम गाडी स्टार्टर मारून लवकर चालू होत नाही, तर डिझेल पंपाचे आतले भाग झिजले असण्याची शंका घ्यावी. तापून पातळ झालेले डिझेल झिजलेल्या फटींतून मागे गळते. पांढरा धूर, रेडिएटरचे पाणी कमी आणि ऑईल दुधासारखे, तर पाणी इंजिनमध्ये शिरते आहे. मग गाडी एक फूटही पुढे न्यायची नाही.

रेडिएटरबद्दल दोन शब्द. बाहेरची जाळी रोज झाडली जाते. तिच्या मागे, रेडिएटरच्या पात्यांत बसलेली पाचटाची भुकटी कुणी बघत नाही. ती पंख्याच्या बाजूने हवा मारून बाहेर काढायची, पुढून मारली तर आणखी आत बसते. बोअरचे क्षारी पाणी ओतले की आतून खर धरते, जशी चुलीवरच्या पातेल्याला धरते. आणि थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी रीत पडली आहे ती बंद करा. थर्मोस्टॅट काढले की थंडीच्या पहाटे इंजिन तासभर गारच राहते, डिझेल नीट जळत नाही, ते ऑईलमध्ये उतरते. एक दुखणे घालवायला दुसरे आणले.

आता भाराचा हिशेब मांडू. दोन ट्रॉल्यांत मिळून अठरा टन ऊस, ट्रॉल्यांचे वजन आणि ट्रॅक्टरचे वजन धरून समजा पंचवीस टन झाले. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर चाकांचा विरोध वजनाच्या सुमारे दोन टक्के धरला तर ओढ लागते ५०० किलो. ताशी वीस किलोमीटरने जायला चाकापाशी सुमारे ३७ अश्वशक्ती पाहिजे. बॉनेटवर लिहिलेले पन्नास हे इंजिनचे. गिअर, एक्सल, टायरची घसरण वजा जाऊन चाकापाशी चाळीस पोचले तरी नशीब. म्हणजे सपाटीलाच ट्रॅक्टर जवळजवळ पूर्ण जोर लावतो आहे. आता शंभर मीटरला तीन मीटर असा चढ आला. आणखी ७५० किलो ओढ. एकूण १२५०. वीसच्याच वेगाने जायचे तर ९० हून अधिक अश्वशक्ती हवी. ती ट्रॅक्टरच्या बापाकडे नाही. चाळीसमध्ये वेग मिळतो ताशी साडेआठ किलोमीटर. फडाच्या कच्च्या वाटेवर विरोध सात टक्के धरला तर ताशी सहा. हे गणित कुठल्याही मिस्त्रीला बदलता येत नाही.

ड्रायव्हर काय करतो? मागे रांग, पुढे काटा, वरचा गिअर सोडवत नाही. पाय पूर्ण दाबलेला, इंजिनचे फेरे पडत पडत हजार-बाराशेवर. इथे सर्वांत मोठा घात होतो. डिझेल पूर्ण, उष्णता पूर्ण. पण फेरे पडले म्हणून पंखा मंदावला, पाण्याचा पंप मंदावला, ऑईलचा पंपही मंदावला. तापवणारे सगळे जोरात आणि थंड करणारे सगळे ढिले. चढाच्या आधीच खालचा गिअर टाकला, फेरे वर राहिले, तर त्याच भाराला तेच इंजिन कितीतरी कमी तापते. आमच्या गड्याच्या १०९ मध्ये या सवयीचाही वाटा आहे. आणि चढून आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही. तीन-चार मिनिटे न रेस करता चालू द्यायचे, टर्बो असेल तर हमखास. तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडायचे नाही, तापलेल्या हेडवर गार पाणी ओतायचे नाही.

ऑईल बदलायच्या तासांबद्दल एक बारकावा. जुन्या पद्धतीचे तासमीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालते. कमी फेऱ्यांवर घुसमटत ओढलेला तास मीटरवर पाऊण तासही भरत नाही. म्हणजे इंजिनला सर्वांत जास्त त्रास झालेले तासच मीटरवर सर्वांत कमी पडतात. उसाच्या ओढीला पुस्तिकेतल्या तासांच्या आधीच ऑईल बदलावे.

कुणी म्हणेल, मग भार कमी करा, एवढे पुराण कशाला. बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण वाहतुकीचा दर टनावर आहे. चढावर नाही, कच्च्या वाटेवर नाही, काट्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या रात्रींवर नाही. खेप वाढत नाही, कारण रांग हलत नाही. म्हणून टन वाढवायचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसवाल्याच्या बिलातून कापला जातो, म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या पोराचा, आणि दर ठरवताना दोघांनाही कुणी विचारत नाही. इंजिनची झीज त्या दरात कुठे आहे, असा प्रश्न आम्ही एका कारखान्याच्या शेती खात्यात विचारला तेव्हा समोरच्या साहेबांनी आम्हाला चहा पाजला.

दुसरी गोष्ट माहितीची. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था १९५५ पासून आहे. तिथे ट्रॅक्टर तपासला जातो तेव्हा इंजिनची ताकद मोजतात, कडक उन्हाळ्यासारख्या तापलेल्या हवेत चालवून बघतात, पाण्याचे आणि ऑईलचे कमाल तापमान नोंदतात. म्हणजे जो आकडा आपल्या डॅशबोर्डवर नाही तो सरकारी अहवालात आहे. आमच्या पाहण्यातल्या एकाही शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेताना तो अहवाल मागितलेला नाही, आणि एकाही विक्रेत्याने आपणहून दाखवलेला नाही. पुढचा ट्रॅक्टर घेणाऱ्याने रंग आणि स्टिकर बघण्याआधी तो मागावा.

तिसरी गोष्ट येऊ घातलेली नाही, आलेली आहे. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. ही इंजिने कॉम्प्युटरवर चालतात. जास्त तापले की अशी इंजिने आपणच ताकद कमी करून घेतात. चांगलेच आहे, इंजिन वाचते. पण ताकद का कमी केली हे ते ट्रॅक्टर ड्रायव्हरला पुरते सांगत नाही; कंपनीच्या स्कॅनरला सांगते. एसटीतला तो जुना फिटर तिथे हात जोडतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कामात शेती अवजारे होती, त्याच वर्षाअखेर पोर्टलही निघाले. पोर्टलवर मदत क्रमांक वाचून घेणे आणि फॉल्ट कोड वाचता येणे यांत फार अंतर आहे. आमची मागणी साधी आहे : ज्याने ट्रॅक्टरचे पैसे भरले त्याला आपल्या इंजिनचे तापमान आणि आपल्या इंजिनची तक्रार वाचता आली पाहिजे, त्यासाठी तालुक्याच्या शोरूमची पायरी चढावी लागू नये.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. प्रत्येक तालुक्याने वर्गणी काढून ऑईल तापमानाचा एक काटा, एक ऑईल दाबाचा काटा आणि एक तापमान पिस्तूल घ्यावे. तिन्हींचा खर्च एका लायनर सेटपेक्षा कमी आहे. कुणाचा ट्रॅक्टर हाफू लागला तर इंजिन उघडायला होकार देण्याआधी तो काटा लावून एक खेप मारावी. पुढच्या जिल्हा बैठकीला ओढकाम करणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी आणाव्यात : शेवटचे ऑईल किती तासांवर बदलले त्याची नोंद, टीपकागदावर वाळवलेला ऑईलचा एक थेंब, आणि या हंगामात वाहतुकीच्या बिलातून काय काय कापले गेले त्याची पावती. फिटर सकाळी दहापासून मैदानात असेल. ट्रॉल्या घरी ठेवून, नुसते ट्रॅक्टर घेऊन या.